शाळेच्या दिवशीच दुखणारं पोट: पाठवायचं की घरी ठेवायचं?

रानजाई
नमस्कार मंडळी. मुलांच्या आजारपणावरचे जुने धागे चाळले, हवं ते सापडलं नाही, म्हणून नवा काढतेय.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून सकाळी पोट दुखायला लागलंय, तेही नेमकं बूट घालायच्या वेळेला. बेंबीपाशी हात धरून सोफ्यावर दुमडून बसतो, चेहरा पांढरा पडतो, कधी कधी उलटीसुद्धा होते. व्हॅन निघून गेली की तासाभरात ठणठणीत, आणि संध्याकाळी खाली क्रिकेट. रविवारी नाव नाही. डॉक्टरांकडे रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं झालं, जंतांचं औषधही देऊन झालं. ते म्हणाले, टेन्शनचं दिसतंय, शाळेत विचारा. शाळेत बाई म्हणाल्या, "किती शहाणा मुलगा आहे हो, काहीच त्रास नाही त्याचा."

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, सगळी नाटकं आहेत, उचलून व्हॅनमध्ये बसव. सासूबाई म्हणतात, लेकरू कळवळतंय आणि तुम्हाला शाळेचं पडलंय. पाठवलं तर दिवसभर ऑफिसात माझं लक्ष लागत नाही. ठेवलं तर दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. "शाळेत काय झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही."

तर पाठवायचं की ठेवायचं? आणि बोलतं कसं करायचं? "हल्लीची मुलं फार नाजूक" हे नातेवाइकांकडून ऐकून झालंय, तेवढं वगळून लिहा.

चहाबाज
मला हे दर सोमवारी होतं. बॉसला सांगून पाहिलं, त्यांनी जंतांचं औषध घ्यायला सांगितलं.

(गंमत हं रानजाई. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, आमच्याकडेही एक नमुना आहे.)

कडूकिराईत
बालरोगाचीच प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी नवरोबांना सांगा, हे नाटक नाही. पोट आणि मेंदू यांच्यात नसांचं दाट जाळं आहे. भीती वाटली की आतड्यांची हालचाल खरोखर बदलते. मुलाखतीच्या आधी आपण दोनदा संडासला जातो ते काही नाटक म्हणून नाही. मोठ्या माणसाला "मला धाकधूक होतेय" असं म्हणता येतं. नऊ वर्षांच्या पोराला ती पोटातच कळते.

हे नवीनही नाही. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल भागात ॲप्ली आणि नेश या डॉक्टरांनी 1,000 शाळकरी मुलं तपासली होती. तो अभ्यास 1958 साली छापून आला. साधारण दहातल्या एका मुलाला असं वारंवार पोटदुखीचं दुखणं होतं, आणि बहुतेकांच्या पोटात शारीरिक दोष सापडला नव्हता. म्हणजे मोबाइलच्या कितीतरी आधीची गोष्ट.

पुन्हा डॉक्टर गाठायचा तो या खुणा दिसल्या तर: रात्री झोपेतून दुखण्याने जाग येणं, वजन घटणं, शौचात रक्त, हिरवी उलटी, ताप, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं. यातलं काही नसेल तर तपासण्या वाढवत बसू नका. दर नव्या सोनोग्राफीगणिक मुलाची खात्री पटत जाते की आपल्या पोटात काहीतरी भयंकर आहे.

आणि एक अगदी साधा प्रश्न, पालक विचारत नाहीत म्हणून मी विचारतो. तो शाळेत संडासला जातो का? घाण, कडी नसलेली, पाणी नसलेली स्वच्छतागृहं बघून मुलं सहा-सहा तास धरून ठेवतात. पाणीही पीत नाहीत. मग बद्धकोष्ठ आणि मग पोटदुखी.

रानजाई
धन्यवाद डॉक्टर. खुणांपैकी एकही नाही. बाटली मात्र जवळजवळ भरलेली परत येते, याकडे लक्षच गेलं नव्हतं. विचारते.

आबा_सातारकर
वगळायला सांगितलंय तरी लिहितो, वयाचा मान ठेवा. आमच्या वेळी पोट दुखलं तर आई ओवा द्यायची आणि वडील दप्तर द्यायचे. गुरुजींची छडी रोज खायचो. कुणाला डिप्रेशन आलं नाही. तुम्ही पोरांना विचारून विचारून आजारी पाडता.

तिरकीरेघ
आबांना अनुमोदन, अर्धं. छडीचं सोडा, पण "बाळा, काय होतंय, कसं वाटतंय" याचा अतिरेक झालाय हे खरं. माझ्या बहिणीने मुलीला रोज "आज कसं वाटतंय" म्हणून चेहऱ्यांच्या तक्त्यावर बोट ठेवायला लावलं. पोरगी आता दूध गार असलं तरी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवते.

चहाबाज
हसून हसून पुरेवाट. तो तक्ता मला बायकोसाठी हवाय.

फळाखडू
आबा, छडीचं आता विसरा. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करतं. आणि तुमच्या वर्गातली जी मुलं छडीला घाबरून शाळा सोडून गेली, ती या धाग्यावर प्रतिसाद द्यायला नाहीत. ती तुम्हाला आठवतात का? बाकावरून एखादं नाव गळलं की पुढच्या वर्षी कुणी विचारायचंसुद्धा नाही.

मी प्राथमिकला शिकवते, वर्गात पन्नासाच्या वर मुलं. खरं सांगू? "काही त्रास नाही त्याचा" म्हणजे "तो मला त्रास देत नाही". दंगा करणारी दहा पोरं मला पाठ असतात, शहाणी मुलं निसटतात. त्यामुळे बाईंना "सगळं ठीक ना?" असं मोघम विचारू नका. नेमकं विचारा. डबा कुणाशेजारी बसून खातो? मधल्या सुट्टीत कुठे असतो? फळ्यापाशी बोलावलं तर काय करतो? बाक कधी बदलला? दोन दिवस लक्ष ठेवून सांगा म्हणावं. बहुतेक बाई सांगतात.

आणि घरी एक करा. कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवसांवर फुली मारा, मुलासमोर नको. मग वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. पोट रोज सारखंच दुखतं का, की काही वारी जास्त? माझ्या एका विद्यार्थिनीचं डोकं फक्त पी.टी.च्या दिवशी दुखायचं. स्कर्ट आखूड झाला होता आणि घरी सांगायची सोय नव्हती.

पोळपाट
फळाखडू, शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं.

रानजाई, वेळापत्रकाचं नक्की करा. माझं पुढे लिहिते, आत्ता कुकर लागलाय.

कवडसा
मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. तिरकीरेघ यांचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. "दुखतंय का? आज कितपत दुखतंय?" असं सकाळी उठल्याबरोबर विचारलं की दुखणं वाढतं. मुलाचं सगळं लक्ष पोटावर जातं आणि आईच्या चेहऱ्यावरची काळजी त्याला दिसते. त्याने सांगितलं तर ऐकायचं, जवळ घ्यायचं, "दुखतंय, कळतंय मला" म्हणायचं आणि बुटाची नाडी बांधायला लागायचं. पण विचारणं अजिबात बंद करा असा याचा अर्थ नाही. वेळ बदला. सकाळी साडेसात ही मनातलं बोलायची वेळ नव्हे.

समोर बसवून, डोळ्यांत बघून "सांग मला" म्हटलं तर मोठी माणसंही बंद होतात. हातात काम आणि नजर दुसरीकडे असली की मुलं सैल होतात. मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसल्यावर, रात्री दिवा घालवल्यावर. "शाळेत काय झालं?" हा फार मोठा प्रश्न आहे, त्याचं उत्तर "काही नाही" असंच येणार. "आज सगळ्यांत कंटाळवाणा तास कुठला होता?" यावर बोलतात.

पाठवायचं की ठेवायचं? शाळेत कुणी मारत नाही, अंगाला हात लावत नाही, याची खात्री झाली असेल तर पाठवायचं. घरी राहिलं की भीती तेवढ्यापुरती जाते, सुटका होते, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन येते. रानजाई, तुम्ही स्वतःच लिहिलंय की ठेवलं तर दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. पण उचलून व्हॅनमध्ये कोंबणं म्हणजे पाठवणं नाही. ज्याला भितो त्याचा छोटा तुकडा करायचा. बाईंशी बोलून पहिले काही दिवस दोनच तास. किंवा आधी दहा मिनिटं लवकर नेऊन रिकाम्या वर्गात बसवायचं. फाटकापाशी निरोप लांबवायचा नाही. आणि घरी ठेवलंच तर तो दिवस आजारपणाचा: अंथरूण, पेज, टीव्ही-मोबाइल नाही, संध्याकाळी क्रिकेट नाही. शिक्षा म्हणून नाही, फक्त मजेचा दिवस होऊ द्यायचा नाही.

त्रास कुणी मुद्दाम देत असेल, शिक्षक असोत वा मुलं, तर मात्र हे सगळं बाजूला. आधी तो बंदोबस्त. गंभीर काही असेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन.

उत्तररात्र
टोरांटोहून. लेकीचं सहावीत हेच झालं होतं, पोटाऐवजी चक्कर. इकडे सगळं आलबेल असतं असं वाटत असेल तर नाही. शाळेत समाजसेविका आहे, फॉर्म आहे, छान रंगीत पोस्टर आहे, आणि बाहेर मानसोपचाराचा नंबर लागेपर्यंत अर्धं वर्ष सरतं. दरम्यान गैरहजेरी लागली की शाळेचा रेकॉर्डेड फोन येतो, त्या बाईचा आवाज मला पाठ झालाय.

आम्हाला उपयोगी पडली ती कवडसा म्हणताहेत तशी शिडी. आधी फक्त शाळेच्या पार्किंगमध्ये जाऊन बसायचं. मग ग्रंथालयात एक तास. मग चित्रकलेचा तास. मग जेवणाची सुट्टी, तीच तिला सगळ्यांत अवघड होती कारण कुणाशेजारी बसायचं हे ठरलेलं नव्हतं. महिने लागले. मधेच घसरलो, पुन्हा दोन पायऱ्या खाली.

सगळ्यांत ताप झाला तो भारतातल्या व्हिडिओ कॉलचा. मावशी, काकू, आत्या, प्रत्येकीचं पहिलं वाक्य: "काय गं, शाळेत जात नाहीस म्हणे?" शेवटी मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की हा विषय तिच्यासमोर काढायचा नाही. चार जण रुसले. रुसोत.

आबा_सातारकर
फळाखडू बाई, आठवतात. दोन तरी नावं आठवतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

पण माझा मुद्दा सोडत नाही. पोर कणखर व्हायला पाहिजे, हे मान्य आहे की नाही? टोरांटोत पार्किंगमध्ये बसून कणखर होतं?

उत्तररात्र
आबा, झालीये. परवा बर्फात बस चुकली तर मला फोन न करता चालत घरी आली आणि मलाच ओरडली की सूप का नाही केलंस.

कवडसा
आबांचा प्रश्न रास्त आहे. कणखर होण्यासाठी काय लागतं, याचा एक मोठा अभ्यास हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर झालाय. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी 1955 साली तिथे जन्मलेल्या 698 मुलांचा माग कितीतरी दशकं ठेवला. गरिबी, घरात भांडणं, व्यसन, आईवडिलांचे आजार, अशी अनेक ओझी ज्यांच्यावर होती, त्या मुलांतली साधारण एक तृतीयांश चांगली, धडधाकट मनाची माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात किमान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आईवडीलच असं नाही. आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही.

त्या मुलांना कमी मार बसला म्हणून ती टिकली असं नव्हे, आणि जास्त बसला म्हणूनही नव्हे. पाठीशी कुणीतरी होतं.

आबा_सातारकर
मग हे आधीच सांगायचं. नातवाला रोज मीच चालत शाळेत सोडतो. पंधरा मिनिटांचा रस्ता. जाताना गप्प असतो, येताना रसवंतीपाशी आलं की तोंड सुटतं. मी काही विचारत नाही, मला ऐकूच कमी येतं. त्यामुळे दोनदा सांगावं लागतं त्याला. सुनेला माहीत नसलेलं बरंच मला माहीत असतं.

चहाबाज
आबा, दंडवत. आता मीही कानात बोळे घालून फिरतो.

अवांतर: कॅरममध्ये पोरांना जिंकू द्यायचं का? आमचा नमुना हरला की सोंगट्या उधळतो. बायको म्हणते मुद्दाम हर, मी म्हणतो राणी घेतो म्हणजे घेतोच.

तिरकीरेघ
हरायचं नाही. सोंगट्या उधळल्या की खेळ बंद, त्यानेच गोळा करायच्या, उद्या परत. ओरडायचं नाही, उपदेशही नाही. माझा पाचव्या-सहाव्या वेळी सुधारला. मात्र मुलगा सातचा असेल तर त्याला चार सोंगट्यांची सूट देऊन खेळा, नाहीतर तो डाव नव्हे, तुमची हौस.

पोळपाट
आणि बाबा हरल्यावर काय करतात हे मुलं जास्त बघतात. आमच्याकडे भारत मॅच हरला की रिमोट कोचावर आपटतो. मुलगी कुठून शिकली हे कळायला फार डोकं लागलं नाही.

मांजरा_काठ
धागा लहान लेकरांचा हाय, तरी लिहितो. भरकटत असंल तर सांगा, काढून टाकतो.

पोरगा लातूरला नीटला, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीला. दुसरं वर्ष, रिपीटर. रूम करून राहतो, मेस लावलीय. फोन केला की "हो", "बरंय", "ठेवू का?". दिवाळीला घरी आला तर नुसता पडून. जेवण निम्म्यावर. परवा चुलतभावाला आपली बॅट देऊन टाकली. चांगल्या विलोची बॅट, हट्टानं घेतलेली, कुणाला हात लावू देत नव्हता. म्हणला, मला काय करायचीय आता. त्याची आई म्हणते अभ्यासाचं डोक्यात हाय, दुसरं काय नाय. मला ते बॅटीचं काही बरोबर वाटंना. 2024 ला 23 लाखांच्या वर पोरं बसली म्हणं या परीक्षेला, सगळ्यांनाच टेन्शन असणार, असंही वाटतंय. तुम्ही जाणती माणसं आहात, सांगा.

कवडसा
काढून टाकू नका. आणि हे वाचल्यावर उद्यापर्यंत थांबू नका. शक्य असेल तर आजच लातूरला जा, तुम्ही स्वतः.

कमी जेवण, पडून राहणं, बोलणं तुटणं, आणि जीव की प्राण असलेली वस्तू देऊन टाकणं, हे एकत्र आलं की ते नुसतं अभ्यासाचं टेन्शन म्हणून सोडायचं नसतं. कदाचित तसं काही नसेलही. पण विचारूनच खात्री होते. मार्कांचा विषय काढू नका. 720 पैकी किती, मॉक टेस्ट कशी गेली, काही नाही. सोबत जेवा. मग सरळ, साध्या शब्दांत विचारा: "तुला कधी जगूच नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं, हा समज चुकीचा आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं.

हो म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका, "आईचा विचार कर" म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका, औषधं, फवारणीची बाटली असलं काही हाताशी राहू देऊ नका, आणि मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. कुठल्याही वेळी 14416 लावता येतो. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलतात. प्रवासात असताना तुम्ही स्वतःसुद्धा लावू शकता, पालकांनाही सांगतात काय करायचं ते.

नाही म्हणाला तरी दोन दिवस तिथेच राहा किंवा घरी घेऊन या. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतेय.

मांजरा_काठ
निघतो. गाडी काढतोय.

फळाखडू
सावकाश चालवा दादा. पोचलात की एक ओळ टाका.

तिरकीरेघ
सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्येच सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत, कोचिंगसुद्धा आलं त्यात, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आणि गुणांवरून वेगळ्या तुकड्या पाडायच्या नाहीत. आता रँकप्रमाणे बॅच हा तर क्लासवाल्यांचा धंदाच. कोण कुणाला विचारतंय? पण पालकांनी फी भरताना विचारायला हरकत नाही: तुमचा समुपदेशक कोण, आठवड्यातून किती वेळ असतो, भेटलेलं गुप्त राहतं का.

कडूकिराईत
सहमत. आणि त्या 17-18 वर्षांच्या पोरांची झोप विचारा. रात्री चार तास झोपणारं पोर महिन्यात कोसळणारच, त्याला वेगळं कारण लागत नाही.

रानजाई
मांजरा_काठ यांचं वाचून माझा प्रश्न लहान वाटायला लागलाय, तरी अपडेट देते कारण फळाखडूंचा फुल्यांचा सल्ला अचूक लागला.

पाणी न पिण्यामागे संडासचंच कारण निघालं, कडी तुटलीये. ते बाईंना सांगितलं. पण खरं कळलं ते कॅलेंडरवरून. फुल्या जवळजवळ सगळ्या मंगळवारी आणि गुरुवारी. सोमवारी फक्त लांब सुट्टीनंतर. वेळापत्रकात त्या दोन दिवशी मराठीचा जोडतास आहे आणि दिवाळीनंतर नव्या बाईंनी पाठाचं प्रकटवाचन सुरू केलंय, बाकाप्रमाणे एकेक परिच्छेद.

रात्री दिवा घालवल्यावर विचारलं, तुमची पद्धत वापरून, "सगळ्यांत लांबट तास कुठला?" तर हळूच म्हणाला, मराठीचा. मग सांगितलं. तास सुरू झाला की तो आपल्या पुढची डोकी मोजतो, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते शोधतो आणि नंबर येईपर्यंत तेवढाच पाठ करतो. एखादा मुलगा गैरहजर असला, किंवा बाईंनी कुणाकडून दोन परिच्छेद वाचून घेतले, की गणित चुकतं. मग उभा राहतो आणि अक्षरं "सांडतात", हा त्याचा शब्द. मुलं हसतात.

घरी धडधड वाचतो तो! आज नवीन गोष्टीचं पुस्तक दिलं तेव्हा लक्षात आलं, धडे त्याने ऐकून पाठ केलेले होते. नव्या पानावर "कारखाना"चं "काखारना" झालं, आणि जोडाक्षर आलं की बोट थांबतं, कान लाल.

नवरा शेजारीच होता. काही बोलला नाही, पुस्तक मिटून त्याला खाली सायकल मारायला घेऊन गेला. रात्री साडेनऊला.

पोळपाट
मी "पुढे लिहिते" म्हटलं होतं ते हेच. लेकीची अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं) आम्हाला पाचवीत कळली. तोपर्यंत आळशी, धांदरट, "हुशार आहे पण लक्ष नाही", सगळी विशेषणं लावून झाली होती.

तुमच्या मुलाला तेच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. आधी डोळे आणि कान तपासा. मग चाचणी. वयाच्या आठव्या वर्षानंतर ही तपासणी नीट होते, म्हणजे तुमच्या मुलाचं वय बरोबर आहे. आधी बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. खासगीत पटकन होतं, पण बोर्डाच्या सवलतींसाठी प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेकडूनच लागतं, त्याला फेऱ्या पडतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात याचा दवाखाना आहे. तुमच्याकडचं कुणी सांगेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळे शाळेने "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हटलं तर ऐकून घेऊ नका. दहावीला जादा वेळ, लेखनिक, या सवलती त्यातूनच मिळतात.

आमच्या लेकीला सगळ्यांत कशाने बरं वाटलं सांगू? तिला नाव सांगितलं तेव्हा. ती म्हणाली, "म्हणजे मी ढ नाहीये?" चार वर्षं ती ते मनात धरून होती आणि आम्ही तिला बदाम खायला घालत होतो.

तिरकीरेघ
माझा आधीचा "अतिरेक" वाला प्रतिसाद या मुलाला लागू नाही, हे नोंदवतो. तक्त्यावर ठाम आहे.

एक शंका. नवऱ्याचं "उचलून बसव" ऐकलं असतं तर काय झालं असतं?

कवडसा
बहुधा उलट्या वाढल्या असत्या, आणि एक दिवस तो हसणाऱ्या मुलांपैकी कुणाला तरी मारून आला असता. मग सगळे त्याच्या "वागणुकी"वर बोलले असते. असे "मारकुटे" आमच्याकडे खूप येतात.

रानजाई, चाचणीला वेळ लागेल, तोवर बाईंना एवढंच सांगा: त्याला अचानक उभं करू नका. वाचायला द्यायचंच तर आदल्या दिवशी परिच्छेद ठरवून द्या, किंवा शेजाऱ्याबरोबर जोडीने वाचू द्या. वाचन पूर्ण बंद करू नका, नाहीतर भीती तिथेच बसून राहील. हसणाऱ्यांचं बाई बघतील, तुम्ही त्या मुलांच्या आयांना फोन लावू नका. आणि घरी ज्यात तो चांगला आहे ते कमी करू नका. क्रिकेट "अभ्यास झाल्यावर" असं आता तरी म्हणू नका.

रानजाई
बाईंना भेटले. थोड्या घाबरल्या, मग म्हणाल्या, असं आणखी दोघांचं असावं. जोडीने वाचन सुरू करणार आहेत सगळ्याच वर्गात, म्हणजे हा वेगळा दिसणार नाही. कडी अजून बसलेली नाही, मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या म्हणाल्या. दिला.

मंगळवारी पोट दुखलं. गेला तरीही. आजीने खिशात ओव्याची पुडी दिली, आबांना कळवा म्हणे.

आबा_सातारकर
कळलं. ओवा भाजलेला द्या, कच्चा तोंड भाजतो.

मांजरा_काठ
उशिरा लिहितोय, माफ करा. पोचलो त्याच रात्री. विचारलं, जसं सांगितलं तसंच. बरं झालं विचारलं. इथं जास्त लिहीत नाही. डॉक्टरांकडं जातोय, औषध चालू हाय, घरीच आणलाय. परीक्षेचं नंतर बघू. कवडसाताई, तुमच्या व्यनिला उत्तर दिलंय.

फळाखडू
किती वेळा धागा उघडून बघितला त्याला गणती नाही. बरं वाटलं दादा. पोराच्या आईलाही कुणाशी तरी बोलू द्या.

चहाबाज
आज जोक नाही.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितेय, वाचनखूण साठवली आहे. माझी मुलगी साडेतीनची, शाळेच्या दारात माझा ओढणीचा पदर सोडत नाही, वीस मिनिटं रडते आणि मग म्हणे छान खेळते. हे पण तेच का?

कवडसा
साडेतीनला हे बहुतेक वेळा वयाचंच असतं. निरोप छोटा आणि रोज तोच ठेवा, गुपचूप निसटून जाऊ नका. बाकी सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे इतक्या प्रतिसादांखाली हरवेल. लिंक इथे द्या, येते तिकडे.